सीमाभाग तुमच्या अर्जात कुठं बसतो?

(बारावीच्या मुलामुलींसमोर केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलताना जे राहून गेलं ते लिहिताना थोडं भरलंय.)



आपल्याकडे बारावीचा निकाल लागला की दारात येणारा प्रत्येक माणूस दोन प्रश्न विचारतो. किती पडले? आणि आता कुठं घालणार? तिसरा प्रश्न कोणी विचारत नाही, पैसे कुठनं आणणार. तो रात्री जेवणं झाल्यावर आई-बाबा हळू आवाजात एकमेकांत बोलतात, आणि तुम्ही शेजारच्या खोलीत जागे असता. आज पैशावर बोलणारच आहे. पण त्याआधी एका गोष्टीवर जरा जास्त वेळ घेते. अर्जात एक-दोन पानांचा मजकूर मागतात बघा, ‘स्वतःबद्दल लिहा’, ज्याला पर्सनल स्टेटमेंट म्हणतात, ती गोष्ट.

मी खानापूर तालुक्यातली. मराठी शाळा, दहावी कर्नाटक बोर्डाची, पीयूसी बेळगावात, पुढचं शिक्षण महाराष्ट्रात. गेली काही वर्षं एका शिष्यवृत्तीला आलेले अर्ज वाचायचं काम करते. त्यामुळं टेबलाच्या दोन्ही बाजू बघून झाल्यात.

पहिल्यांदा एक स्पष्ट सांगते, म्हणजे उगीच घाबरू नका. सगळीकडे हे स्टेटमेंट लागत नाही. महाराष्ट्रातल्या सीईटीतून इंजिनिअरिंगला किंवा फार्मसीला जाणाऱ्याला कोणी ‘तुझं स्वप्न काय’ म्हणून विचारत नाही. तिथं गुण आणि कागद. सीयूईटीतून बीए-बीएस्सीला जाणाऱ्यालाही बहुतेक ठिकाणी गुणच. ही परीक्षा 2022 पासून सुरू झाली, तेरा भाषांत देता येते, त्यात मराठी आहे आणि कन्नडही आहे. स्टेटमेंट लागतं ते बऱ्याच खासगी विद्यापीठांत, परदेशात, आणि सगळ्यात जास्त शिष्यवृत्तीच्या अर्जात. म्हणजे ज्यांच्या घरी पैसे कमी, त्यांनाच जास्त लिहावं लागतं. हे बरोबर आहे असं माझं मत नाही, पण आहे ते असं आहे.

आता आपल्या भागातून येणारे अर्ज कसे असतात ते सांगते. दहातले सात अर्ज एकाच वाक्यानं सुरू होतात. ‘मी सीमाभागातील असून आमच्यावर पिढ्यानपिढ्या अन्याय झाला आहे.’ मग 1956 ची राज्य पुनर्रचना येते. मग महाजन आयोग येतो. मग 865 गावं. मग सर्वोच्च न्यायालयात 2004 पासून पडून असलेला दावा. अर्धं पान संपतं, आणि अजून अर्ज करणारा मुलगा पानावर आलेलाच नसतो. आला तर शेवटच्या चार ओळींत, ‘म्हणून मला शिकून समाजाची सेवा करायची आहे’ एवढं म्हणायला.

मला हे वाचताना कससंच होतं. कारण त्यातलं एकही वाक्य खोटं नसतं. माझ्या घरातही तेच बोललं गेलंय, मीही त्याच घोषणा ऐकत वाढले. पण अर्ज वाचणारा माणूस तिथं सीमाप्रश्नाचा निवाडा करायला बसलेला नाही. त्याला एवढंच ठरवायचंय की या दोनशे पोरांतल्या कोणत्या वीस जणांना पैसे द्यायचे. आणि तुमच्या शेजारच्या गावच्या पोरानंही तोच इतिहास लिहिलाय. सगळ्यांचा इतिहास एकच असला तर त्यावरनं तुम्ही कोण हे कसं कळणार?

याचा अर्थ सीमाभाग लिहूच नका असं मी म्हणत नाही. उलट, लिहा. पण भाषणात असतो तसा लिहू नका. तुमच्या हातून जे घडलं, त्यात तो दिसू दे.

उदाहरण देते. नाव-गाव बदलून, दोन-तीन अर्ज एकत्र करून सांगते. एका मुलाला कायदा शिकायचा होता. पहिल्या खर्ड्यात त्यानंही 1956 पासून सुरुवात केलेली. मी विचारलं, ‘तुला वकील व्हायचंच का आहे?’ तो गप्प. मग म्हणाला, ‘ताई, आमच्या आजोबांच्या जमिनीची नोटीस आलेली, सगळी कन्नडमधनं. घरात कन्नड वाचणारा मी एकटाच. नववीत होतो. तहसीलदार ऑफिसात मीच गेलो, उतारा मीच काढला, वारसा लावायला कुठला कागद लागतो ते मीच विचारून आलो. नंतर गल्लीतले लोक त्यांच्या नोटिसा घेऊन यायला लागले.’ मी म्हटलं, अरे, हेच लिही की! एक नोटीस, एक उतारा, किती खेपा घातल्या, कुठं अडलं, त्यातनं काय कळलं. त्याच्या नवीन खर्ड्यात ‘अन्याय’ हा शब्द एकदाही नव्हता. पण वाचणाऱ्याला कळत होतं की सरकारी भाषा आणि घरची भाषा वेगळी असली की म्हाताऱ्या माणसाचं काय होतं. आणि हेही कळत होतं की या पोरानं त्यावर काहीतरी केलंय.

आता यातली एक गोष्ट या पानावर बोलायला थोडी अवघड आहे, तरी बोलते. आपली पोरं कन्नड येतं हे लिहायला लाजतात. कोणीतरी काय म्हणेल म्हणून लपवतात. कशाला? मराठीतून शिकण्याचा, मराठीतून कागद मिळण्याचा हक्क मागणं वेगळं, आणि शेजारची भाषा येणं वेगळं. घरी मराठी, बाजारात कन्नड, परीक्षेत इंग्रजी, टीव्हीवर हिंदी, अशा चार भाषांत तुम्ही रोज वावरता. पुण्या-मुंबईतल्या पोराला हे जमत नाही. पत्रकारिता, कायदा, समाजकार्य, भाषाशास्त्र, सार्वजनिक आरोग्य, यातल्या कशालाही अर्ज करत असाल तर ही तुमची कमाई आहे. मोकळेपणानं लिहा.

लिहायचं कसं, यावर एक सोपा आधार देते. इंग्लंडातल्या पदवी प्रवेशाचे अर्ज यूकास नावाच्या एकाच संस्थेमार्फत जातात. त्यांनी 2026 च्या प्रवेशापासून जुना सलग निबंध बंद करून तीन प्रश्न ठेवलेत. हा विषय तुम्हाला का शिकायचाय? आतापर्यंतच्या शिक्षणानं त्यासाठी तुमची तयारी कशी झाली? आणि शाळा-कॉलेजच्या बाहेर तुम्ही आणखी काय केलंय, त्याचा उपयोग काय? तिन्ही मिळून जागा 4,000 अक्षरांची, मोकळ्या जागा धरून, आणि प्रत्येक उत्तर किमान 350 अक्षरांचं. तुम्ही इंग्लंडला जा नाहीतर कोल्हापूरला, कुठल्याही स्टेटमेंटला हे तीन प्रश्न पुरतात. बघा, ‘तुमच्यावर काय काय ओढवलं’ हा प्रश्न यात नाहीच. ‘तुम्ही काय केलं’ हे विचारलंय.

तिसऱ्या प्रश्नाला आपली मुलं म्हणतात, ‘ताई, आम्ही काहीच केलं नाही. आमच्याकडे ना कॅम्प, ना इंटर्नशिप.’ निपाणीकडच्या एका मुलीनं मला असंच सांगितलेलं. आई विड्या वळते. ही शाळेतनं आली की पानं कापून द्यायची, आणि रोज किती विड्या झाल्या, कारखान्यानं किती मोजून घेतल्या, किती खराब म्हणून परत काढल्या, हे वहीत लिहून ठेवायची. चार वर्षांच्या वह्या. तिला अर्थशास्त्र शिकायचं होतं! चार वर्षांची आकडेवारी घरात ठेवून ती म्हणत होती, मी काही केलं नाही.

दुसऱ्या टोकाला जाऊ नका मात्र. गरिबीची बोली लावायची नाही. कोणाचं दुःख मोठं यावर निवड होते असं पोरांना वाटतं, मग आजारपण वाढवून लिहितात, बापाचं दारूपण घालतात. मुलाखतीत एक प्रश्न आला की ते गळून पडतं, आणि त्याहून वाईट म्हणजे आई-बापाला ते कधीतरी वाचायला मिळतं. घरची परिस्थिती एका परिच्छेदात, आकड्यांत सांगा. जमीन किती, कमावणारे किती, शिकणारे किती. बास.

आणि मोबाईलवरच्या एआयकडून लिहून घेऊ नका. नैतिक म्हणून सांगत नाही, कळतं म्हणून सांगते. एका दिवसात पन्नास अर्ज वाचले की ‘लहानपणापासूनच मला या क्षेत्राची प्रचंड ओढ होती’ हे वाक्य वीस वेळा येतं. इंग्रजी कच्चं असेल तर आधी मराठीत, आपण बोलतो तसं लिहा. मग इंग्रजीत न्या, आणि व्याकरण तपासायला सरांना दाखवा. उलट्या क्रमानं केलं की तुम्ही त्यातनं गायब होता.

आता कागद. हा भाग कंटाळवाणा आहे, पण आपल्या पोरांच्या जागा गुणांपेक्षा कागदांनी जास्त जातात असं माझं मत झालंय.

महाराष्ट्राच्या सीईटी प्रवेशाच्या नियमांत महाराष्ट्राचा उमेदवार कोण, याचे प्रकार केलेत. त्यात ‘टाइप ई’ हा प्रकार आपल्यासाठी आहे. वादग्रस्त सीमाभागातल्या मान्यताप्राप्त संस्थेतून शिकलेला आणि मातृभाषा मराठी असलेला विद्यार्थी. त्याला दोन दाखले लागतात. राहण्याचं ठिकाण सीमाभागात येतं याचा एक आणि मातृभाषा मराठी असल्याचा एक. माहितीपुस्तिकेत त्यांचे नमुने जी-1 आणि जी-2 म्हणून दिलेले असतात. दहावी इथं आणि बारावी धारवाडला किंवा बेंगळुरूला झाली असेल तर त्या वर्षीच्या पुस्तिकेतले शब्द स्वतः वाचा, दुसऱ्याच्या ऐकण्यावर जाऊ नका. आणि सीईटी द्यावीच लागते, दाखला म्हणजे प्रवेश नव्हे. जाता जाता, कर्नाटकाच्या सीईटीतही अशीच सोय आहे. जत, अक्कलकोट, गडहिंग्लज, कासरगोड अशा भागांतल्या कन्नड भाषिकांसाठी ती आहे, तिला ‘गडिनाडु कन्नडिग’ म्हणतात. हे सांगितलं की आपल्याकडे लोकांना आश्चर्य वाटतं.

एक गैरसमज मात्र दरवर्षी भेटतो. कर्नाटकात काढलेला जातीचा दाखला महाराष्ट्राच्या आरक्षणात आपोआप चालत नाही. ज्या राज्याचा दाखला, त्या राज्याचं आरक्षण, असं साधारण धरून चाला, आणि चालतो असं कोणी म्हटलं तर ते नियमात दाखवायला सांगा.

नाडकचेरीतनं मिळणारा उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, उतारा, हे आपल्याकडे बहुतेक कन्नडमध्ये येतं. दुसऱ्या राज्यातल्या कार्यालयाला किंवा बँकेला ते वाचता येत नाही. शेवटच्या दिवशी भाषांतर आणि नोटरी शोधत फिरण्यापेक्षा आत्ताच करून ठेवा. नाव सगळीकडे एकसारखं आहे का तेही बघा. दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनावाचं एकच अक्षर, आधारवर पूर्ण आडनाव, बँकेत वडिलांचं नाव मधे, असं आपल्यातल्या निम्म्यांचं आहे. आणि कॉलेज सोडताना मायग्रेशन सर्टिफिकेट मागून घ्या. दुसऱ्या राज्यातल्या विद्यापीठात पात्रता ठरवताना ते लागतं.

आता पैसे.

आधी न फेडायचे, मग फेडायचे. केंद्राच्या नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर पदवीसाठी एक शिष्यवृत्ती आहे. बारावीत आपापल्या बोर्डाच्या वरच्या 20 पर्सेंटाइलमध्ये असाल, घरचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांच्या आत असेल, तर पदवीची तीन वर्षं दरवर्षी 12,000 रुपये. दरवर्षी नूतनीकरण करावं लागतं, आणि पोरं तिथंच सुटतात. विडी कामगारांच्या मुलांसाठी केंद्रीय कामगार मंत्रालयाची वेगळी मदत त्याच पोर्टलवर आहे. व्यावसायिक पदवीला वर्षाला 25,000 पर्यंत. त्याला आई किंवा वडिलांचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. निपाणी, संकेश्वरकडच्या किती घरांत ते कार्ड पेटीत पडून आहे! काढा ते.

कर्ज. याला लोक दोन टोकांनी घाबरतात. एक म्हणतो नकोच, दुसरा म्हणतो घेऊन टाकू, नोकरी लागल्यावर बघू. आपण हिशोब करू. समजा चार वर्षांचा कोर्स, दरवर्षी दीड लाख, एकूण सहा लाख. व्याज दहा टक्के धरू. शिकत असताना आणि नंतर एक वर्ष हप्ता नसतो, पण व्याज चालू असतं. सरळव्याजानं ते पाच वर्षांत साधारण 2 लाख 10 हजार होतं. म्हणजे हप्ता सुरू होतो तेव्हा तुमच्या डोक्यावर सहा नाही, 8 लाख 10 हजार असतात. दहा वर्षांत फेडायचं तर महिन्याला साधारण 10,700. पंधरा वर्षांत तर 8,700. शिकताना घरच्यांनी फक्त व्याज भरत गेलं तर दहा वर्षांचाच हप्ता 7,900 वर येतो. तो कोर्स करून पहिली नोकरी केवढ्याची लागते, हे त्या कॉलेजच्या जाहिरातीला विचारू नका. तिथनं दोन वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या पोराला फोन करून विचारा.

त्या 2 लाख 10 हजारांसाठीच सरकारी योजना आहेत. उत्पन्न साडेचार लाखांच्या आत आणि कोर्स तांत्रिक किंवा व्यावसायिक असेल, संस्था योजनेच्या अटीत बसत असेल, तर हप्ता सुरू होईपर्यंतचं व्याज केंद्र सरकार भरतं. त्याच्या वर, आठ लाखांपर्यंत उत्पन्न असेल, तर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर त्याच काळात तीन टक्के व्याजाची सवलत मिळते, तीही तारण आणि जामीनदार न देता. पण ही निवडक दर्जेदार संस्थांपुरती आहे, तेव्हा प्रवेश घेण्याआधी कॉलेज यादीत आहे का ते पोर्टलवर बघा. आणि योजना नसली तरी, चार लाखांपर्यंतच्या शैक्षणिक कर्जाला बँकेनं तारण मागायचं नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. शेताचा उतारा घेऊन या असं सांगितलं तर हे लक्षात असू दे.

आपल्या पोरांची खरी अडचण वेगळीच असते. गावाजवळची शाखा म्हणते, कॉलेज महाराष्ट्रात आहे, तिकडच्या शाखेत जा. तिकडची म्हणते, घर कर्नाटकात आहे, तिकडं जा. माझ्या वेळी मी अशा चार खेपा घातल्यात, एसटीचं तिकीट माझं. आता सांगते ते लिहून घ्या. घर बँकेच्या सेवाक्षेत्राबाहेर आहे म्हणून शैक्षणिक कर्जाचा अर्ज नाकारू नका, असं रिझर्व्ह बँकेनं 2012 मध्येच बँकांना कळवलंय. काउंटरवर भांडत बसू नका. अर्ज पोर्टलवरून भरा म्हणजे त्याला नंबर पडतो, आणि नाही म्हणायचं असेल तर कारण लेखी द्या म्हणा. लेखी मागितलं की निम्म्या वेळा ‘नाही’चं ‘उद्या या’ होतं. हेही काही फार चांगलं नाही, पण ‘उद्या या’वर काम करता येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, बँकेत प्रवेशानंतर नाही, आधी जा. प्रवेश मिळाल्यावर फी भरायला हातात चार-पाच दिवस असतात. तेवढ्यात कर्ज होत नाही. मग सोनं गहाण पडतं किंवा सावकार येतो. कॉलेजची फी किती हे त्यांच्या जागेवर दिलेलं असतं, तो आकडा घेऊन मे महिन्यातच शाखेत जाऊन कागदांची यादी आणा.

मागनं कोणीतरी विचारतंय की घरचे म्हणतात मुलीसाठी कर्ज कशाला, लग्नात जाणारच आहे पैसा. हे मला दरवर्षी विचारलं जातं, आणि दरवर्षी विचारणारीचा आवाज असाच बारीक असतो. बघ, घरी नुसतं ‘मला शिकायचंय’ म्हणून भांडलीस तर ते रडणं वाटतं त्यांना. मघाचा हिशोब तुझ्या कोर्सचे आकडे घालून कागदावर मांड. कर्ज तुझ्या नावावर असतं, वडील सहकर्जदार असतात, फेडणारी तू आहेस, हे त्यांना दाखव. तरी नाही म्हणाले तर मला सांग, मी येते घरी. काही ठिकाणी गेलेय मी. चहा मिळतो, कधीकधी होकारही मिळतो.

एवढंच बोलायचं होतं. आता ज्यांनी खर्डे लिहून आणलेत त्यांनी पुढं या. 1956 पासून सुरू झालेले एका बाजूला ठेवा, तेच आधी घेऊ. आणि ज्यांच्या अर्जाची तारीख या आठवड्यात आहे त्यांनी रांग सोडून माझ्याकडे या.